भाव ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संक्षेप)

'न्याय्य व्यापार' हा शब्द आपल्याकडे युरोपातून आला. १९८८ साली मेक्सिकोतील छोट्या शेतकऱ्यांची कॉफी हॉलंडच्या दुकानांत एका विशेष शिक्क्यानिशी विकली जाऊ लागली आणि ग्राहकाने दोन पैसे अधिक मोजून उत्पादकास जगण्यापुरता भाव द्यावा, हा विचार तेथे रुजला. त्या चळवळीचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु तेथे न्याय हा बहुतांशी विकत घेणाऱ्याच्या सद्भावनेवर विसंबून असतो. समाजवाद्यांचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे : भाव ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने हाच प्रश्न विचारला. पूर्वी तेथील बांबू करारान्वये कागद कारखान्याकडे जाई आणि गावकरी स्वतःच्याच जंगलात तोडणीचा मजूर ठरे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज असल्याचे स्पष्ट नमूद असतानाही वाहतूक परवाना मात्र वनखात्याच्याच हाती राहिला. हक्क कागदावर आणि माल जंगलात, अशी अवस्था! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी राज्याचे मुख्यमंत्री व केंद्रीय पर्यावरणमंत्री यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. त्या दिवसापासून गाव मजूर राहिले नाही, विक्रेता झाले.

आता हवामानाच्या प्रश्नाकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावास २०१२ साली असाच हक्क मिळाला. बांबूबरोबर तेंदूपानाचेही उत्पन्न घेता आले असते. परंतु कोवळ्या पानांसाठी तेंदूच्या फांद्या छाटतात, जंगलात आग लावतात. फळ धरत नाही आणि वणव्यात रोपे जळतात. ग्रामसभेने विचारान्ती तेंदूचे उत्पन्न सोडले आणि बांबूवर निर्वाह चालविला. ऐन उन्हाळ्यात हाती येणारी रोकड सोडणे हे गरिबाच्या घरी काय असते, हे आपणांस सांगावयास नको.

त्याच जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. धूर ज्यांचा सर्वांत कमी, त्यांनी जंगल राखावे आणि अवकाळी पाऊस व दुष्काळही सोसावा. विजेचा झगमगाट मात्र इतरांचा! या विषमतेलाच आपण हवामानविषयक अन्याय म्हणतो. पाचगावच्या त्यागाचे गोडवे गाऊन तो दूर होणार नाही.

पुढचा धोका निराळाच आहे. आपला धूर कमी न करता दूरच्या जंगलात साठलेला कार्बन विकत घेऊन हिशेब जुळविण्याचा व्यापार जगभर चालू आहे. त्याचे करार दीर्घ मुदतीचे आणि त्यांची भाषा वकिली असते. उद्या असा करार घेऊन कोणी ग्रामसभेच्या दारी आला, तर तो वाचून समजून घेण्याचे आणि प्रसंगी नाकारण्याचे बळ तिच्यात हवे. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीस एकमुखाने नकार दिला, तो अशाच बळावर.

साथींनो, येथे थोडे आत्मपरीक्षण करणे प्राप्त आहे. आपण मोर्चे काढतो, ठराव करतो. परंतु वनोपजाचा लिलाव होतो त्या दिवशी ग्रामसभेत आपला कार्यकर्ता किती वेळा असतो? निविदा कशी काढावी, हिशेबाची वही कशी ठेवावी, मजुरी वेळेवर कशी चुकती करावी, ही कामे आपण क्षुल्लक मानली आणि ती पोकळी दलालाने भरून काढली. मेंढ्याच्या लोकांनी अभ्यासगट चालविले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. त्यांची खरी शक्ती तेथे आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वनहक्क मिळालेल्या गावांपैकी प्रत्येक तालुक्यात निदान एक गाव निवडा. पुढाऱ्याच्या नव्हे, विद्यार्थ्याच्या भूमिकेतून तेथे जा. प्रथम हिशेबाची वही उघडा. भाषण मागाहून करता येईल.