चोणक : काठावरून धरलेला, पाण्यात सोडलेला
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावण पाळून, चवथीचे नैवेद्य जेवून महिनाभर मासळीला न शिवलेल्या मंडळींसमोर चोणकावर बोलायचे म्हणजे थोडा छळच आहे. पण विषय मंडळानेच दिला आहे, तेव्हा दोष आमच्याकडे नको. आम्ही म्हणजे काठावरून गरवणारे सात-आठ जण. कोणी बँकेत, कोणी शाळेत, दोघे निवृत्त. होडी कोणाकडेच नाही. पुलाखाली, खडपावर, खाडीच्या तोंडाशी उभे राहून गळ टाकतो आणि बहुतेक वेळा हात हलवत घरी येतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत आपल्या चोणकाला 'एशियन सी बास' म्हणतात. इंग्लंड-फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा 'सी बास' हा निराळा मासा. आडनाव एक, घराणे वेगळे. आपला चोणक रायगडात जिताडा होतो, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. म्हणजे कोलकात्याच्या पाहुण्यासमोर तुम्ही चोणकाची तुकडी ठेवलीत, तर तो ती घरचीच समजून खाईल.

हा मासा नदीचाही आहे आणि समुद्राचाही. पावसाच्या आगेमागे, पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणाला, नदीच्या खाऱ्या तोंडाशी तो अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर आत शिरतात, खारफुटीच्या मुळांत, खाजनातल्या पोंयींत, काही तर थेट गोड्या पाण्यापर्यंत. तिथे कोळंबी आणि शेवट्याची पोरे खाऊन ती वाढतात. आपली मांडवी, झुवारी, शापोरा, साळ, या सगळ्या नद्यांच्या काठची खाजने म्हणजे चोणकाचे पाळणाघर आहे. मानशीच्या दारातून सुकतीला पाणी बाहेर पडते, तिथे बारीक आसाचे जाळे लावले की कोळंबीबरोबर बोटभर लांबीचे चोणकही येतात. मानशीची पावणी घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, त्याला आम्ही काय सांगणार? पण पावणीच्या अटी ठरवणाऱ्या बैठकीत आपल्यापैकी अनेकजण बसतात. जाळ्याचा आस किती असावा, हे तिथे बोलता येईल.

आता खरी गंमत. बहुतेक चोणक आधी नर असतात आणि मग मादी होतात. ऑस्ट्रेलियात या माशाचा बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या अनुभवानुसार तो तीन-चार वर्षांचा, साधारण दोन फुटांचा झाला की नर म्हणून वयात येतो आणि सहा ते आठ वर्षांचा, तीन फुटांच्या आसपास गेला की मादी. म्हणजे बाजारात ज्याच्याभोवती गर्दी जमते, ज्याचा फोटो मोबाइलवर गावभर फिरतो, तो दांडगा चोणक जवळजवळ नेहमी मादी असतो. अशी एक मोठी मादी हंगामात कोट्यवधी अंडी देते. लहानपणीच सगळे धरले तर मादी व्हायला कोणी उरत नाही आणि मोठे सगळे धरले तर अंडी घालायला कोणी उरत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने दोन्ही बाजूंनी कुंपण घातले आहे. 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवता येत नाही, पाण्यात परत सोडावा लागतो.

युरोपातल्या सी बासची कथा अधिक बोलकी आहे. तो फार सावकाश वाढतो. थंडीत अंडी घालायला इंग्लिश खाडीत थव्याने जमला की दोन-दोन ट्रॉलर मिळून एक जाळे ओढत आणि थवेच्या थवे उचलत. मासा झपाट्याने कमी झाल्यावर 2015 मध्ये युरोपीय संघाने अंडी घालण्याच्या हंगामातली ती ट्रॉलिंग थांबवली, किमान लांबी 36 वरून 42 सेंटिमीटर केली आणि हौशी गरवणाऱ्यांनाही दिवसाला तीनच मासे ठरवून दिले. 2016 मध्ये तर पहिले सहा महिने हौशी माणसाला एकही मासा ठेवता येत नव्हता. आयर्लंडने त्याच्या कितीतरी आधी, 1990 मध्येच, आपल्या होड्यांना बासची व्यापारी मासेमारी बंद केली होती. काठावर एक गळ घेऊन उभ्या राहणाऱ्यालाही हिशेबात धरले, हे आम्हाला यात महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे जून-जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना आहे. काठावरच्या माणसाला ती विचारत नाही, आणि चोणक तर नेमका त्याच सुमारास नदीच्या तोंडाशी असतो. म्हणून ते दोन महिने आम्ही आपण होऊन गळ बांधून ठेवतो. पावसातल्या लाटांपुढे खडपावर न जाणे शहाणपणाचेही आहे.

आता लुअरविषयी, म्हणजे नकली माशाविषयी. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा मऊ रबराचा हा मासा दोरीने ओढला की पाण्यात जखमी मासोळीसारखा लडबडतो. जिवंत कोळंबी लावून गरवणारे जुने जाणते याला हसतात. हसू देत. आमच्या दृष्टीने याचा एक मोठा फायदा आहे. आमिष मासा गिळतो आणि गळ पोटात जातो. लुअर मात्र बहुतेक वेळा जबड्यातच अडकतो, त्यामुळे मासा जिवंत सोडता येतो. सुकती लागल्यावर पहिले दोन तास, ओहोळ जिथे नदीला मिळतो तिथे, किंवा पुलाच्या दिव्याचा उजेड संपून सावली सुरू होते त्या रेषेवर लुअर टाकावा. दोन झटके द्यावेत आणि थांबावे. चोणक थांबल्यावर घेतो. पाण्यावर 'बुच्च' असा आवाज होतो आणि रात्र असेल तर विजेरीच्या उजेडात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा तांबूस चमकतो. त्या क्षणी बँक, शाळा, रक्तदाब, काही आठवत नाही.

विकतच्या लुअरला तीन तोंडांचे दोन गळ असतात. आम्ही ते काढून एकेरी गळ लावतो आणि गळाच्या टोकामागची उलटी खाच पकडीने दाबून सपाट करतो. मासे थोडे जास्त सुटतात हे खरे, पण गळ काढायला क्षणही लागत नाही. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, तिथे बोट घालू नये. दोरीच्या टोकाला जाड तुकडा जोडतो तो याचसाठी. हात ओले करून मासा धरावा. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा. खडपावरून फरपटत तर मुळीच आणू नये. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवावा. शेपटी जोरात मारून तो स्वतःच निघून जातो, आपल्याला भिजवून.

आमच्यापुरता आम्ही नियम केला आहे. दोन फुटांच्या आतला परत, अडीच फुटांच्या वरचा परत, मधला असेल तर माणशी एक. काठीवर दोन खुणा केलेल्या आहेत, मोजपट्टी शोधत बसावे लागत नाही. मंडळातल्या एका काकांनी आम्हाला विचारले, "खायचा नाही तर धरता कशाला? त्या जिवाला उगाच त्रास!" प्रश्न योग्य आहे आणि आमच्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. धरून सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. रक्त येत असलेला आम्ही सोडत नाही, त्या दिवशीचा माणशी एक त्यातच मोजतो आणि गळ गुंडाळतो. मात्र हा छंद बंद केला म्हणून मोठी मादी वाचेल असेही नाही. रात्री खाडीच्या काठावर रोज उभे राहणाऱ्या माणसाला जाळे आडवे कुठे लागले आहे, मानशीचे दार कुठे फुटले आहे, खारफुटी कुठे तोडली जाते आहे, हे सगळ्यात आधी दिसते. अशा दोन जागांविषयी आम्ही पंचायतीला लेखी कळवले आहे.

पागी मंडळींना मात्र आम्ही उपदेश करत नाही. त्यांचे पोट त्यावर आहे, आमची हौस आहे. घरच्या अन्नपूर्णांना एक विनंती करतो. चोणक संवर्धनात तयार होतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये त्याची बंदिस्त पैदास यशस्वी केली, आणि आता तळ्यांत, पिंजऱ्यांत वाढवलेला चोणक बाजारात येतो. नदीच्या माशाची चव वेगळी असते, यावर आमचा वाद नाही. पण रव्यात घोळून तव्यावर टाकलेल्या तुकडीत हा फरक किती कळतो, हे एकदा डोळे मिटून खाऊन पाहावे. वीस माणसांच्या जेवणासाठी दहा किलोचा एक चोणक आणण्याऐवजी अडीच-अडीच किलोचे चार आणले, तरी हुमण तेच होते.

दसऱ्याच्या सुमारास नदीचा गढूळपणा उतरतो आणि लुअर दिसू लागतो. तेव्हापासून दर शनिवारी सुकतीच्या वेळा पाहून आम्ही निघतो. मुलांना पाठवायचे असेल तर पायात घट्ट बूट, एक विजेरी आणि पकड एवढे पुरे. काठी आम्ही देऊ, खुणा केलेली.