साथीचे नियम, मजुरांची मदत आणि घरातले कागद

(शेतकरी बंधूंसाठीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कलमांना मोहोर दिसू लागला की आपल्याला फवारणीची, राखणीची आणि पेट्यांची काळजी लागते. त्याच यादीत आज मी आणखी एक काम घालणार आहे. ते म्हणजे आपले आणि आपल्याकडे राबणाऱ्या माणसांचे कागद जागेवर आहेत की नाहीत, हे हंगामाआधी बघून ठेवणे.

२०२० साल आठवा. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. नेमका आपला हापूस तयार होत होता. राज्य शासनाने त्याआधीच, मार्चच्या मध्यावर, १८९७ सालचा साथरोग कायदा लागू केला होता. हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. तेव्हाही गिरण्यांत काम करणारे आपल्या जिल्ह्यातले पुष्कळ लोक मुंबई सोडून गावी आले होते. २०२० मध्ये चाकरमानी तसेच परतले.

त्या वेळी नियम काय होता? शेतीचे काम बंद करा, असे कुणी सांगितले नव्हते. शेतातली कामे, शेतमजूर आणि शेतमालाची खरेदी-विक्री यांना केंद्र शासनाने २७ मार्चलाच सूट दिली होती. मालाच्या गाडीला परवाना लागे आणि बाहेरगावाहून आलेल्याला १४ दिवस वेगळे राहावे लागे. पण आपल्यापैकी कित्येकांनी अर्धवट ऐकले आणि आठवडाभर बागेत पाऊलच टाकले नाही. ज्याने ग्रामपंचायतीत जाऊन नीट विचारले, त्याचा आंबा वेळेवर उतरला. राज्यातले हे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. तरी पुढे कधी अशी वेळ आली, तर ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. लेखी आदेश कुणाकडून तरी वाचून घ्या.

आता मदतीचे बघू. आमच्या वाडीत दोन बाया आंबा वाहण्याचे काम करीत. दोघींची मजुरी सारखी, दोघींच्या चुलीही सारख्याच विझत आलेल्या. एकीचे बँकेत जनधन खाते होते. तिला एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने प्रत्येकी ५०० रुपये मिळाले. दुसरीचे खाते नव्हते, तिला काही मिळाले नाही. ती मला म्हणाली, "भाऊ, माझी भूक काय कमी होती?" मला उत्तर देता आले नाही. कारण खाते काढायला बँकेत जायचे म्हणून वर्षभर आधी तिने एक दिवसाची सुटी मागितली होती आणि कामाच्या घाईत मीच तिला थांबवले होते.

बांधकाम मजुरांचेही तसेच झाले. टाळेबंदीत राज्याने नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यात २,००० रुपये भरले. आपल्याकडचे कितीतरी गडी आंबा संपला की गवंड्याच्या हाताखाली जातात. ज्यांची मंडळाकडे नोंद नव्हती, ते बघत राहिले.

हक्क आणि नोंद ही जोडी जुनीच आहे. आपल्या राज्याने १९७७ साली रोजगार हमी कायदा केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. पुढे १९९० पासून याच योजनेतून फळबागांना अनुदान मिळाले आणि कोकणात कितीतरी पडीक जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. पण तिथेही काम मागणाऱ्याला अर्ज द्यावा लागे आणि हजेरीपटावर नाव लागल्यावरच मजुरी मिळे. आमदार कायदा करून देतील, पण कागदावर नाव घालण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

तेव्हा हंगामापूर्वी पुढील कामे उरकून घ्या.

१. मजुरांची एक वही करा. प्रत्येकाचे नाव, गाव, घरच्या माणसाचा फोन, कामावर आल्याची तारीख, दिलेली उचल आणि भरलेले दिवस त्यात लिहा. महिन्याला त्याची सही किंवा अंगठा घ्या. वही दोघांच्याही कामी येते.

२. प्रत्येक मजुराचे बँक खाते आहे का, ते विचारा. नसेल तर एक दिवस सुटी देऊन त्याला बँकेत पाठवा. खाते झाले की प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज तिथेच भरायला सांगा. १८ ते ७० वर्षे वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपये पडतात आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. झाडावरून माणूस पडणे आपल्याकडे नवे नाही. हप्ता खात्यातून कापला जातो, म्हणून मेअखेर तेवढी शिल्लक ठेवायला सांगा.

३. ई-श्रम नोंदणी करून घ्या. ही नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. शेतमजूर, मासेमारी करणारे, गवंडी अशा असंघटित कामगारांसाठी ती आहे. आधार, बँक खाते आणि मोबाइल लागतो.

४. परराज्यातून आलेल्या मजुराला त्याचे रेशनकार्ड असेल तर आपल्या गावच्या दुकानातूनही धान्य उचलता येते. नेपाळहून राखणीला येणाऱ्या गड्यांना मात्र ही सोय नाही. त्यांचे धान्य आणि औषधपाणी मालकानेच बघावयाचे. त्यांची माहिती पोलीस पाटलांकडे व पोलीस ठाण्यात आधीच द्या.

५. स्वतःचा सातबारा तपासा. आजोबा-पणजोबांच्या नावावर जमीन आणि भावकी मुंबईला, अशी स्थिती घरोघरी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा सामाईक सातबाऱ्यामुळे किती धावपळ झाली ते आठवा. तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्या. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख रुपये मिळतात. खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसाला तिचा लाभ आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो.

तुम्ही म्हणाल, गड्यांच्या कागदांचे आम्हाला काय? बंधूंनो, टाळेबंदीत ज्यांच्या पोटापाण्याची सोय लागली, ते बागेत टिकले. ज्यांची लागली नाही, ते निघून गेले आणि आंबा झाडावरच पिकला.

आमच्या वाडीतल्या त्या दुसऱ्या बाईचे खाते मी पुढच्याच वर्षी काढून दिले. तुम्ही साथीची वाट पाहू नका. मोहोराची पहिली फवारणी झाली की एक दिवस या कामाला द्या.