जुने कापड, नवी भेट

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी परीक्षा, टक्केवारी किंवा शिष्यवृत्ती यांविषयी बोलणार नाही. सुई-दोऱ्याविषयी बोलणार आहे. मास्तरांनी व्यासपीठावरून शिवणकामाचा विषय काढावा, याचे काहींना हसू येईल. पण या विषयाकडे मला माझ्याच एका चुकीने आणले. म्हणून ती आधी सांगतो.

दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ होता. शिक्षकांना भेटवस्तू देण्यासाठी मुलांनी प्रत्येकी 50 रुपये वर्गणी ठरवली आणि वर्गशिक्षक या नात्याने मी तिला मान्यता दिली. रक्कम मला क्षुल्लक वाटली. वर्गणी देणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिली गेली. त्यालाही मी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "सर, ती म्हणते, फळ्यावर सगळ्यांची नावं आहेत, माझंच नाही. मी कशी जाऊ?"

मी मान खाली घालून परत आलो. फळा पुसला. ती मुलगी पुन्हा शाळेत आली, समारंभालाही आली, आणि तिने मला एक पिशवी दिली. आजोबांच्या जुन्या सदऱ्याची, हाताने शिवलेली. सदऱ्याचा खिसा बटणासह तसाच राखलेला. वर्गणीतून घेतलेले भिंतीवरचे घड्याळ केव्हाच बंद पडले. पिशवीतून मी आजही वह्या नेतो.

तेव्हा मला उमगले की भेटीचे मोल बाजारात ठरत नाही. भेट दिल्याने परस्परांतील प्रेम वाढते, ही आपल्याला पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आहे. ती भेट विकतच आणावी, अशी अट तिच्यात नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अंगावरून उतरलेला कपडा दुसऱ्याच्या हाती ठेवणे म्हणजे भेट नव्हे. जुन्याची भेट होते ती श्रमाने आणि नीटनेटक्या शेवटाने. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करून त्या टाके घालीत मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोण बसवतात. त्यांना त्या फूल म्हणतात. ही फुले लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली, असे त्या मानीत नाहीत. उपयोगाला फुलांची गरज नसते. पण घेणाऱ्याचा मान त्या फुलांत असतो. आपल्या घरांतूनही आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे बाळासाठी शिवले जाई, ते याच भावनेने.

आता विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष कृती सांगतो. यंत्र नको, सुई, दोरा, कातर आणि खडू पुरे. कापड आधी स्वच्छ धुऊन, वाळवून घ्या आणि उजेडासमोर धरून पाहा. जेथे विरलेले दिसेल, तो भाग सोडून द्या.

उशीच्या अभ्र्यासाठी मोठ्या माणसाचा सदरा घ्या. तो उलटा करून सर्व बटणे लावा आणि सपाट पसरा. बटणपट्टी मध्यभागी ठेवून छोट्या उशीच्या मापाचा चौकोन खडूने आखा, सुमारे 14 इंच लांब व 14 इंच रुंद. रेघेवर चारही बाजूंनी घट्ट उलटी टीप घाला. साधा धावदोरा येथे टिकत नाही. टिपेबाहेर अर्धा इंच सोडून कापा. बटणे काढून अभ्रा सुलटा केला की काम झाले. काज-बटण आयतेच मिळते.

कुरआन शरीफच्या जुजदानासाठी आईच्या जरीच्या ओढणीचा धड भाग घ्यावा आणि आतून मऊ मलमलीचे अस्तर द्यावे. कापड पाक-साफ असावे. ग्रंथ कापडावर ठेवून, सर्व बाजूंनी एक इंच जास्त धरून माप घ्यावे. नातीच्या निकाहात आजीच्या ओढणीचे जुजदान द्यावे. याहून मोलाची भेट मला सुचत नाही. पिशव्यांचे तर सांगायलाच नको. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवी घरोघरी हवीच आहे.

पालकांना एक विनंती. हे काम मुलींच्याच गळ्यात बांधू नका. आपल्या समाजात कितीतरी कुटुंबे दर्जीकामावर पोसली गेली, आणि तो हात बहुधा पुरुषाचाच होता. तरी घरातल्या मुलाने सुई धरली की आपण हसतो. पैगंबर साहेब (स.) घरी आपले कपडे स्वतः शिवीत, चपला स्वतः दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. मग आपल्या मुलाला लाज कसली? कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव हा शिक्षणाचा भाग मानला, तो केवळ गुणपत्रिकेत एक रकाना भरावा म्हणून नव्हे.

शेवटी संस्थेला विनंती करतो की यापुढे निरोप समारंभासाठी व ईद मिलनासाठी मुलांकडून वर्गणी घेऊ नये. ज्याला भेट द्यावीशी वाटेल, त्याने हाताने केलेली वस्तू द्यावी. श्रीमंताच्या मुलानेही तसेच करावे. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही शिक्षक सुई-दोरा घेऊन बसू. माझी टीप अजून वाकडी येते, ती मुलांनी सुधारावी.

फळ्यावर नाव नाही म्हणून आपले एकही मूल घरी बसता कामा नये. एवढे साधले, तरी सुईने मोठे काम केले असे मी समजेन.

खुदा हाफिज. जय हिंद.