कुंडलिकेचें ऋण
(मस्तगड, जालना येथें केलेलें भाषण)



ज्या मस्तगडाच्या छायेंत आपण जमलों आहों, तो १७२५ सालीं असफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें बांधविला. पुढें येथील पेठ भरभराटली आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सर्वतोमुखीं झाली. परंतु हा पाळणा हालविणारी माउली कोण, याचा विचार आपण क्वचितच करतों. ती माउली म्हणजे कुंडलिका.

पावसाळा सरला कीं ही नदी केवळ एक ओढाच. तरी तिचेंच पाणी घाणेवाडीस अडवून निजामी राजवटींत तलाव झाला, आणि तें यंत्रावांचून, नुसत्या उतारानें, शहरांत आलें. वरच्या वाड्यावस्त्यांच्या शिवारांत पडलेला पाऊसच आपण पिढ्यान्‌पिढ्या प्यालों. त्याच शिवारांतील माती वाहून तलावांत बसली. तेथें शेत उघडें पडलें, येथें पाणी उणें झालें. दोहोंकडील हानि एकच आहे.

वस्तीवरील विहीर आटली कीं प्रथम गुरें बाजारास जातात, मागोमाग माणसें ऊसतोडीस. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील असंख्य कुटुंबें खडी फोडून व सुकडी खाऊन जगलीं. तें साह्य अवश्यच होतें. पण फोडलेल्या खडीनें विहिरीस झरा फुटत नाहीं. याउलट जालन्याजवळच्या कडवंचीस १९९६ पासून बांधबंदिस्ती, चर व नाल्यांवरील बांध हीं कामें माथ्यापासून पायथ्यापर्यंत झालीं. २०१२ सालीं पावसानें पाठ फिरविली, तरी तेथील द्राक्षबागा तगल्या. जालना शहर मात्र टँकरची वाट पाहत होतें. त्या सुमारास व्यापारी, कारखानदार व नागरिक यांनीं पदरमोड करून घाणेवाडीचा गाळ उपसला. तो शेतांवर गेला आणि धन्याची माती धन्यास मिळाली.

आमचें मागणें याच मार्गाचें आहे. व्यापारी मंडळींनीं ओढ्याच्या व बांधांच्या कामावरील मजुरीसाठीं यथाशक्ति वर्गणी द्यावी, म्हणजे वस्तीवरील माणसास आपल्याच शिवारांत काम मिळेल. बागाइतदारांनीं बांधापुरती कांठची जागा सोडावी व गाळ वाहण्यास वाहनें द्यावीं. हें सर्व मृगापूर्वीं व्हावयास हवें. पाणी वाहून गेल्यावर बांध घालून काय उपयोग?

दिलेलें धान्य एक हंगाम पुरतें. अडविलेलें पाणी पुढच्या हंगामाचें धान्य पिकवितें. म्हणून आम्ही यास दान म्हणत नाहीं. जिचें पाणी आपण प्यालों, त्या कुंडलिकेची ही ऋणफेड होय.