घरचे ध्वनिमुद्रण आणि प्लगइनांचा बाजार



वसंत व्याख्यानमालेत असला विषय यावा याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आज येथे बसलेल्या कित्येकांच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे मायक्रोफोन मांडून गाणे मुद्रित करीत असते, आणि “बाबा, एक प्लगइन घ्यायचे आहे, पैसे हवेत” ही मागणीही आपल्या कानी आली असेल. ही मागणी रास्त की अवाजवी, हे ठरवावयाचे तर ती वस्तू आहे तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे.

देवळाच्या गाभाऱ्यात स्वर लावला की तो क्षणभर घुमत राहतो. बंद खोलीत गायिलेल्या गाण्याला तसा घुमारा देण्यासाठी जर्मनीतील ई.एम.टी. या कंपनीने १९५७ साली एक यंत्र काढले. सुमारे दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादाचा पातळ पत्रा त्यात चौकटीवर ताणून बसविलेला असे. गाण्याच्या विद्युत्-लहरींनी तो पत्रा थरथरवावयाचा, आणि ती थरथर पुन्हा टिपून मूळ गाण्यात मिसळावयाची. या सगळ्या संसाराचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात! असे धूड दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोण आणणार? पण त्या पत्र्याची वागणूक गणिताने मांडता येते, आणि गणित म्हटले की संगणक आला. १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ नावाची व्यवस्था आणली. तिच्यामुळे मुद्रणाच्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये कोणीही रचलेला लहान प्रोग्रॅम बसविता येऊ लागला. हा लहान प्रोग्रॅम म्हणजेच प्लगइन. पोलादी पत्र्याचे काम आता मांडीवरच्या संगणकात होते.

सोय मोठीच झाली, यात शंका नाही. पण सोयीबरोबर बाजारही आला. आज अशी हजारो प्लगइने विक्रीस आहेत, आणि साड्यांच्या सेलला लाजवील अशा सवलती बारमाही चालू असतात. मुलांना वाटते, अमक्या प्रसिद्ध यंत्राची प्रतिकृती घेतली की आपले गाणे मुंबईच्या स्टुडिओत झाल्यासारखे वाजेल. तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे मला सांगावयाचे आहे.

कंप्रेसर घ्या. मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातले अंतर कमी करणे, एवढेच त्याचे काम. चारास एक असे प्रमाण लावले, आणि आवाज ठरविलेल्या मर्यादेपेक्षा आठ डेसिबल वर गेला, तर बाहेर तो दोनच डेसिबल वर आलेला दिसतो. मोठे स्वर खाली आले की आपण सबंध गाण्याचीच पातळी वाढवितो. मग गायिकेचा हळुवार स्वर वर येतो खरा, पण त्याबरोबर छताच्या पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि भिंतींवरून परतलेला पोकळ प्रतिध्वनी हेही वर येतात. यंत्र जितके महाग तितकी ही घाण अधिक सफाईने ऐकू येईल, इतकेच! इक्वलायझरने ऐंशी हर्ट्झच्या खालचा भाग छाटला की घरघर पुष्कळ कमी होते. परंतु खोलीचा प्रतिध्वनी एकदा स्वरात मिसळला की तो निवडून काढणे कठीण. काढू गेलात तर स्वरही खरवडला जातो. म्हणून पहिला खर्च खोलीवर करावा. तो फारसा नसतोच. जाड गोधड्या दोऱ्यांवर टांगाव्या, कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवावे, पंखा बंद करावा आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणावा. घरातील गोधडीने जे साधते ते हजारो रुपयांच्या प्लगइनाने साधत नाही.

इक्वलायझर, कंप्रेसर, रिव्हर्ब ही नित्याची हत्यारे बहुतेक मुद्रण-प्रोग्रॅमांबरोबर येतातच. ‘रीपर’ या प्रोग्रॅमचे उदाहरण घ्या. साठ दिवस तो पूर्णपणे वापरून पाहता येतो, त्यानंतरचा सवलतीचा परवाना साठ डॉलरांचा, आणि वरील सर्व हत्यारे त्यात आहेत. शिवाय टोकियो डॉन या मंडळींचा ‘नोव्हा’ हा इक्वलायझर किंवा व्हॅलहालाचा ‘सुपरमॅसिव्ह’ हा घुमारा फुकट मिळतो. फुकट म्हणून ते हलके समजू नयेत. चोरून उतरविलेल्या प्रती मात्र घरात येऊ देऊ नका. नीतीचा प्रश्न बाजूस ठेवला तरी त्यांतून संगणकाला रोग जडण्याचे भय आहेच.

विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. आपल्या कानाला जरासा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि पुष्कळ प्लगइने लावताक्षणी आवाज थोडा वाढवितात. तेव्हा प्रथम दोन्ही पातळ्या समान कराव्या. मग गाणाऱ्याने पाठ फिरवून बसावे, आणि ते यंत्र केव्हा लावले व केव्हा काढले हे घरातील दुसऱ्या कोणी न सांगता बदलत राहावे. दहा वेळांत जर फरक ओळखता येत नसेल, तर पाकीट उघडू नये.

स्वर दुरुस्त करणाऱ्या प्लगइनाविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे. ‘ऑटोट्यून’ हे १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांनी बाजारात आणले. त्याआधी हे गृहस्थ भूगर्भातील कंपनलहरींवरून तेलाचे साठे शोधण्याच्या कामात होते. तेच गणित त्यांनी कंठाकडे वळविले. युक्ती विलक्षण आहे, यात वाद नाही. पण हे यंत्र सामान्यतः बारा समान भागांत वाटलेल्या सप्तकावर, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांवर, स्वर आणून बसविते. आपले गाणे त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेतही राहते. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे. यंत्राची दुरुस्ती कडक ठेवली की त्या घसरणीच्या पायऱ्या होतात. दरबारीतील आंदोलित गंधार यंत्राला चूक वाटतो, आणि ते तो गंधार सरळ करून ठेवते! शिकाऊ मुलीने हे ऐकून आपला कान त्यावर बेतला, तर तिच्या गुरूंची कित्येक वर्षांची मेहनत वाया जाईल. पैशांपेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते. तिचा एखादा स्वर उतरला असेल, तर ती ओळ पुन्हा गाऊन घ्यावी. घरच्या मुद्रणाचा मोठा लाभ हाच की, तेथे तासाचे भाडे चढत नसते.

आता कोणी विचारील, मग काहीच घ्यावयाचे नाही काय? घ्यावे की. पण सहा महिने असलेल्याच साधनांवर काम केल्यावर नेमके काय अडते ते मुलाने एका वाक्यात सांगावे. “घुमारा पत्र्यासारखा खणखणतो, तंबोऱ्याबरोबर मिसळत नाही,” असे तो म्हणाला, तर त्याच्या कानाला काही कळू लागले आहे. अशा वेळी पन्नास डॉलरांच्या आसपासचा एखादा चांगला रिव्हर्ब आनंदाने घेऊन द्यावा. मासिक वर्गणीच्या फंदात मात्र सहसा पडू नये; वर्गणी थांबली की हत्यार हातातून जाते आणि जुने काम उघडले तरी पूर्वीसारखे वाजत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्हज या मोठ्या कंपनीने कायमची विक्री बंद करून केवळ वर्गणीच ठेवली, तेव्हा जगभरच्या गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की, थोड्याच दिवसांत कंपनीला ती विक्री पुन्हा सुरू करावी लागली. ज्या प्लगइनाची किंमत एकदाच द्यावी लागते आणि जे पैसे देण्याआधी काही दिवस वापरून पाहता येते, तेच निवडावे. आणि वापरून पाहताना आपल्याच घरचा तंबोरा व आपल्याच मुलीचा आवाज त्यातून ऐकावा, विक्रेत्याचे नमुन्याचे गाणे नव्हे.