पाणी दिसते एकीकडे, गळते दुसरीकडे

श्रोतेहो, आज एका अगदी किरकोळ वस्तूबद्दल बोलणार आहे. मोटारीच्या मागच्या काचेवर पाणी पोहोचवणारी एक नळी असते, पेन्सिलीपेक्षा बारीक. ती फुटली म्हणून गाडी बंद पडत नाही, की ब्रेक निकामी होत नाही. त्यामुळे तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पण ती स्वतः दुरुस्त करताना जे ध्यानात आले, ते त्या एका नळीपुरते नाही.

मुळात मागच्या काचेला पाणी हवेच कशाला? पुढच्या काचेचा वायपर तसा जुना. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. आत बसून दांडा हलवला की रबराची पट्टी काच पुसत असे. मागच्या वायपरची गरज भासली ती विशेषतः मागून कापल्यासारख्या दिसणाऱ्या, आखूड गाड्यांना. अशी गाडी वेगात असते तेव्हा छतावरून आलेली हवा मागच्या कडेला सुटते आणि गाडीच्या पाठीशी कमी दाबाची जागा तयार होते. चाकांनी उडवलेली धूळ आणि चिखल त्या जागेत ओढला जाऊन काचेवर बसतो. पावसाळ्यात कात्रजचा घाट उतरून गावात यावे, तर मागची काच गेरूने सारवल्यासारखी झालेली असते. पाठीमागचा ट्रक दिसत नाही, त्याच्या दिव्यांचे नुसते पिवळे डाग दिसतात. म्हणजे ही नळी चैनीची वस्तू नव्हे.

आता पाण्याचा प्रवास पाहू. बहुतेक गाड्यांत पाण्याचा डबा पुढे, बॉनेटखाली असतो. त्याला एक छोटी मोटर असते. पुष्कळ गाड्यांत हीच मोटर एका दिशेने फिरली की पुढच्या काचेला पाणी मिळते आणि उलट फिरली की मागच्या. तिथून ती नळी गालिच्याखालून किंवा छताच्या कडेने चार-साडेचार मीटर प्रवास करते, छतातून डिकीच्या झाकणात शिरते आणि काचेवरच्या नोझलला मिळते. छत आणि झाकण यांच्यामध्ये एक घड्याघड्यांचा रबरी भाता असतो. दिव्याच्या, वायपरच्या आणि काच तापवण्याच्या तारा जातात, त्याच भात्यातून ही नळीही जाते. हे शेजारपण लक्षात ठेवा, कारण खरा धोका तिथेच आहे. नळी गळली तर पाणी तारांवर पडते, झाकणाच्या पत्र्यात साचते, आणि गंज आतून धरतो. बाहेरून तो दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

माझ्या गाडीत लक्षणे अशी होती. डबा भरला की आठ दिवसांत रिकामा. मागचे बटण दाबले की मोटर गुणगुणायची, पण काचेवर दोन थेंब. आणि डिकीतल्या सतरंजीला कुबट वास. गॅरेजमध्ये सांगण्यात आले की छताचे अस्तर उतरवावे लागेल आणि सगळी नळी नवी घालावी लागेल. खर्चाचा आकडा हजारांत होता.

तो आकडा ऐकून राग येतो, पण जरा गॅरेजवाल्याच्या बाजूने विचार करा. फुटलेल्या नळीची किंमत काहीच नाही. किंमत आहे ती शोधाची. वीस रुपयांचा दोष हुडकण्यात त्याच्या माणसाचे दोन तास गेले, तर ते दोन तास तो कोणाच्या बिलात लावणार? म्हणून शोधण्याऐवजी सगळेच बदलणे त्याला परवडते. आपले गणित याच्या उलटे असते. आपल्याकडे रविवार असतो. जिथे वस्तू स्वस्त आणि शोध लांबलचक, तिथे मालकानेच हात घालावा, असा माझा हिशेब आहे. म्हणून मी गाडी परत आणली.

शोध कसा घ्यावा, हे पुण्याच्या माणसाला निराळे शिकवायला नको. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून पेठांतल्या हौदांत सोडले. आमच्या बुधवार पेठेत तुळशीबाग आहे, तिथेही हे पाणी येत असे. त्या नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधलेले होते. तिथून आतली हवा निघे आणि आत डोकावता येई. अशा नळात बिघाड कुठे आहे हे पाहायचे तर सगळा नळ खणायची गरज नाही. एका उच्छ्वासापाशी पाणी नीट आहे आणि पुढच्या उच्छ्वासापाशी नाही, तर दोष त्या दोहोंच्या मध्ये.

मोटारीच्या नळीलाही असा एक उच्छ्वास असतो. अनेक गाड्यांत भात्यात शिरण्याआधी, अस्तराच्या कडेला, नळीचा एक जोड येतो. माझ्या गाडीत तो होता. मी तो जोड सोडवला, नळीचे तोंड तांब्यात धरले आणि शेजारच्या मुलाला पुढे बसवून बटण दाबायला सांगितले. "काका, येतंय का?" तो ओरडला. तांब्यात भरघोस धार पडत होती. या एका चाचणीत पुढची चार मीटर नळी निर्दोष सुटली. छताचे अस्तर उतरवण्याचे कारणच उरले नाही. दोष राहिला तो शेवटच्या हातभर नळीत.

मग जोड पुन्हा लावला, झाकणाच्या आतले प्लास्टिकचे आवरण काढले आणि नळीच्या वाटेवर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरल्या. कागद ओला कुठे होतो ते लगेच दिसते. पण ओला कागद म्हणजे फुटलेली जागा नव्हे. पाणी नळीच्या अंगावरून ओघळत खाली येते आणि पहिला खळगा मिळेल तिथे टपकते. म्हणून ओल्या जागेपासून वर वर जायचे. जिथे वर कोरडे आणि खाली ओले, ती जागा. ती निघाली भात्याच्या आत. झाकण प्रत्येक वेळी उघडताना नळी तिथेच वाकते. उन्हाने कडक झालेली नळी तिथे तडकली होती.

काम इथे संपले असे वाटते, पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा. पाण्याने बाहेर पडायला तीच वेळ का निवडली? नोझल पाहिले तर त्याचे भोक पांढऱ्या क्षाराने जवळजवळ बुजलेले. बोअरचे पाणी डब्यात भरले की हे होते. पुढे वाट बंद, मागून मोटरचा दाब. मग पाणी सगळ्यात दुबळ्या जागेतून वाट काढते. नळी बदलून नोझल तसेच ठेवले असते, तर पुढच्या खेपेला दुसरा जोड निसटला असता. बारीक सुईने भोक मोकळे केले आणि आधी ते काम उरकले.

सामान मिळवण्यात काही अडचण नाही. जुन्या नळीचा बोटभर तुकडा खिशात घालून नाना पेठेत गेलो, तिथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. नमुना दाखवला की तेवढ्याच जाडीची रबरी नळी मिळते. माशांच्या टाकीची पारदर्शक नळीही बसते, पण ती उन्हाने लवकर कडक होते. केबल टाय आणि चिकटपट्टी घराजवळच्या तपकीर गल्लीत घेतली. सगळे मिळून शंभराच्या नोटेतून पैसे परत आले.

नवी नळी भात्यातून ओवायची युक्ती घरातलीच आहे. पायजम्याची जुनी नाडी काढताना तिच्या टोकाला नवी बांधतो ना, तसेच. जुन्या नळीच्या टोकाला मजबूत दोऱ्याने नवी बांधायची आणि जुनी हळूहळू ओढायची. नळीचे तोंड कडक वाटले तर दोन मिनिटे गरम पाण्यात धरावे, ते मऊ होऊन जोडावर सहज चढते. जोड भात्यात येऊ देऊ नये, आणि झाकण पूर्ण उघडल्यावरही ताण पडणार नाही इतकी नळी सैल ठेवावी. नुसती चिकटपट्टी गुंडाळून काम भागत नाही, ओल्या नळीवर ती टिकत नाही. भाता उघडलाच आहे तर तारांची आवरणेही पाहून घ्यावीत. माझ्या गाडीत एका तारेचे आवरण तडकायला लागले होते. ते वेळीच दिसले, हा या दुरुस्तीतला सगळ्यात मोठा फायदा.

आता दोन इशारे. ज्या गाड्यांच्या छताच्या कडेला किंवा खांबात एअरबॅग असते, त्या जागची आवरणे घरी उचकटू नयेत. तिथे शहाणपण गॅरेजमध्ये जाण्यातच आहे. ब्रेक आणि स्टीअरिंगलाही हाच नियम. जिथे चूक जिवावर बेतते तिथे हौस नको. आणि प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात, म्हणून गाडी थोडी उन्हात उभी करून मग आवरण काढावे. लोखंडी पेचकसाऐवजी लाकडी उलथने वापरले तर ओरखडे पडत नाहीत.

श्रोतेहो, नळी बदलायला मला दहा मिनिटे लागली आणि शोधायला सकाळ गेली. आपण दुरुस्ती म्हणतो ती बहुधा त्या दहा मिनिटांना. पण खरी दुरुस्ती त्या सकाळीत असते. घराच्या भिंतीला ओल येते, नळाचे बिल वाढते, तेव्हाही आपण डाग दिसतो तिथेच प्लास्टर मारतो आणि पुढच्या पावसात डाग परत येतो. कुठवर कोरडे आहे हे आधी पाहावे, मग ओल्याकडे वळावे.

आणि एक करा. महिन्यातून एकदा, पाऊस असो वा नसो, मागच्या काचेचे बटण दाबून पाहा. डब्यात बोअरचे नव्हे, पिण्याचे पाणी घाला. धार काचेवर उंच आणि सरळ पडली, तर वाटेतले सगळे ठीक आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)