मिसरी म्हणजे औषध नव्हे
(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)

तायांनो, आपल्या सोलापुरात कितीतरी घरं विड्या वळून चालतात. "आम्ही कुठं विडी ओढतो?" असं म्हणतो, अन् सकाळी उठून मिसरी लावतो. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दाढ घटकाभर थांबते, पण कीड आतच राहते. एक दिवस लावली नाही की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही; हे व्यसनच. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. मी वीस वर्षं लावली. सोडताना पहिले आठ दिवस लई जड गेले, पण सुटली. एकटीला जमत नसेल तर १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या हेल्पलाइनला मोफत फोन करा. अन् बचतीच्या बैठकीत एकमेकींना विचारूया, "सुटली का गं?"